मदत हवी आहे: प्राध्यापक मामांचे कागद – घरचे, मठाचे, विद्यापीठाचे. विभागणी कशी करावी?

धागाकर्ती
नमस्कार मंडळी. माझे मामा मराठीचे प्राध्यापक होते, अभ्यासविषय महानुभाव पंथाचं वाङ्मय. त्यांच्या मागे पत्र्याच्या १४ पेट्या आणि दोन कपाटं भरून कागद आहेत. पुण्यातला फ्लॅट दिवाळीपर्यंत रिकामा करायचा आहे. साधारण तीन प्रकार दिसतात. पत्रं, रोजनिशा, फोटो हे घरचे. बासनात (कापडात) बांधलेल्या ३० पोथ्या, काही देवनागरीत, काही सांकेतिक लिपीत; यातल्या काही मठाच्या असाव्यात. आणि विद्यापीठाचं: टिपणांची कार्डं, प्रबंधांचे कच्चे खर्डे, परीक्षकांचे अहवाल, मुलाखतींच्या कॅसेट, फ्लॉप्या. विषयवार गठ्ठे लावून तीन ठिकाणी द्यावं असा विचार आहे. दोन पोथ्यांना कसर लागली आहे. मामेभाऊ आठवण म्हणून एक पोथी अमेरिकेला न्यायची म्हणतो. कुठून सुरुवात करू?

दप्तरदार
विषयवार गठ्ठे कृपया लावू नका. एका पेटीत पत्र, त्याखाली टिपणकार्ड, त्याखाली पोथीची छायाप्रत असेल, तर ते पत्र त्या पोथीबद्दलच असण्याची शक्यता मोठी. तो क्रम मोडला की कुठल्या प्रतीवरून कोणता पाठ (मजकुराचं रूप) घेतला हे पुढच्या अभ्यासकाला कधीच कळणार नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. पेटी जागेवर असतानाच झाकण उघडून वरून फोटो काढा. पेट्यांना १ ते १४, कपाटांच्या कप्प्यांना १५ पासून पुढे आकडे द्या. मग पेटीतल्या प्रत्येक पुडक्याची एक ओळ वहीत: पेटी क्रमांक, पुडकं क्रमांक, पुडक्यावर मामांनी लिहिलेलं शीर्षक जसंच्या तसं, अंदाजे पानं, सर्वांत जुनी व नवी तारीख, अवस्था. सुटं पान न् पान नोंदवत बसलात तर दिवाळी उलटून जाईल, पुडक्यापाशी थांबा. कार्डांचे ड्रॉवर अकारविल्हे लावू नका. पुस्तकातली चिठ्ठी काढायचीच असेल तर तिच्यावर मऊ पेन्सिलीने पुस्तकाचं नाव आणि पान लिहा.

रबरबँड आणि गंजलेल्या स्टेपलच्या पिना काढा. पिन ओढू नका, पाय सरळ करून मागून सोडवा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी नको आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, ते पुन्हा सोडवता येत नाही.

विभागणी करायचीच तर ती मालकीवरून करा. घरचे आणि संशोधनाचे कागद एकाच संस्थेत, मामांच्या नावाचा एक संग्रह म्हणून जावेत. मठाचं असेल ते मठाला. यादी मात्र तिन्हींची एकच असू द्या, म्हणजे वस्तू लांब गेली तरी तिचा धागा राहतो.

पोथीवाचक
पोथ्यांपुरतं लिहितो. आधी त्या कोणाच्या हे ठरवा. पहिल्या-शेवटच्या पानावर मठाचा शिक्का, महंतांचं नाव, किंवा रोजनिशीत ‘पोथी आणली’ अशी नोंद सापडते का पाहा. अभ्यासासाठी उसनी आणलेली पोथी तुम्हाला दान करताच येणार नाही. पंथात पोथी पूजनीय असते. सकळ, सुंदरी अशा लिप्या पंथाबाहेरच्यांना ग्रंथ वाचता येऊ नये म्हणूनच वापरल्या गेल्या. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी लिपीची उकल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केली, तरी कोणता मजकूर सर्वांसमोर ठेवायचा हे मठाला विचारूनच ठरवावं. स्कॅन जालावर टाकण्याची घाई नको.

पोथीची नोंद करताना ग्रंथनाव, लिपी, पानांची संख्या, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, दर पानी ओळी, आणि पुष्पिका (पोथीच्या शेवटी नकलाकाराने लिहिलेली नोंद) अक्षरशः उतरवा. पुष्पिकेतला शक तपासायची सोपी रीत: शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या चक्रात प्रभवापासूनचा क्रमांक. शके १६५० असेल तर १६६२, बाकी ४२, म्हणजे कीलक. पुष्पिकेत दुसरंच नाव असेल तर आकडा वाचण्यात चूक आहे किंवा नकलाकाराने जुन्या प्रतीची पुष्पिकाच उतरवली आहे. इसवी सनासाठी ७८ मिळवा, पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला बहुधा ७९.

पिवळे पट्टे दिसले तर तो हरताळ, म्हणजे चुकलेला मजकूर झाकायचा पिवळा रंग. त्यात आर्सेनिक असतं. जिभेला बोट लावून पान उलटू नका, खोडरबर चालवू नका, नंतर हात धुवा. काजळीची शाई पाण्याने फुटते, म्हणून ओलं फडकंही नको.

कसर लागलेल्या दोन पोथ्या आजच वेगळ्या करा. पोथी पूर्ण कोरडी असेल तर पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८–२० अंशाच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरातल्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा यासाठी पुरत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर दव थेट पानांवर धरतं. डांबराच्या गोळ्यांच्या भरवशावर राहू नका. पोथी पुन्हा बांधताना नवं बासन धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडाचं घ्या, खळ कसरीला बोलावते.

धागाकर्ती
खूप आभार. ११ पोथ्यांवर मठाचा शिक्का सापडला. बाकीच्यांचं? आणि पत्रं, कॅसेट, फ्लॉप्यांचं काय करू?

कायदाजाणता
शिक्का नसलेल्या पोथ्यांची यादी फोटोंसह त्या मठाला पाठवा, लेखी उत्तर घ्या, मगच पुढे जा. अमेरिकेचा विचार सोडून द्या. ७५ वर्षं वा अधिक जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, ते खासगीरीत्या देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. भावाला उत्तम छापील प्रतिमा द्या.

मामांना आलेलं पत्र कागद म्हणून तुमचं, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि पत्र त्याच्या हयातीत छापलं गेलं नसेल तर तो प्रथम प्रसिद्धीपासून ६० वर्षं टिकतो. त्यामुळे दानपत्रात ‘आमच्याकडे जे हक्क आहेत ते देत आहोत’ एवढंच लिहा. परीक्षकांचे अहवाल, विद्यार्थ्यांचे गुण, मुलाखतींतल्या खासगी गोष्टी वेगळ्या लिफाफ्यात, किती वर्षं बंद ठेवायच्या ती मुदत दानपत्रात घाला.

संस्थेकडून चार गोष्टी लेखी मागा: दाखल-नोंदवहीतला क्रमांक, संग्रह न फोडण्याची हमी, वाचकांना पाहण्याचे नियम, आणि नको असलेलं रद्दीत न देता तुम्हाला परत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ, तिघांकडे आधी यादी पाठवा आणि मग बोला.

ध्वनिमुद्रक
कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिक टिकल्या आधी मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. बुरशी असेल तर वाजवू नका. पहिल्याच वाजवण्यात २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ वेव्ह फाइल करा. स्टिरिओ तासाला सुमारे २ जीबी लागतात.

फ्लॉपीवरची फाइल श्रीलिपी किंवा आकृती या जुन्या मराठी फॉण्टांत असेल तर नव्या संगणकावर अगम्य अक्षरं दिसतील. फाइल खराब नसते, तिचा फॉण्ट त्या संगणकावर नसतो. मूळ फाइल न बदलता जपून ठेवा, फॉण्टचं नाव यादीत लिहा, मूळ फॉण्ट असलेल्या संगणकावर पीडीएफ काढा आणि युनिकोड (कुठल्याही संगणकावर वाचता येणारी) प्रत वेगळी करा. रूपांतरात ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास सरकतात, पीडीएफशी ताडून पाहा.

स्कॅनिंग शेवटी. ए-४ पान ३०० पीपीआय (इंचाला ३०० ठिपके) रंगीत टिफ (न दाबलेली प्रतिमा-फाइल) म्हणजे सुमारे २६ एमबी, हजार पानांना २६ जीबी. पोथीला फ्लॅटबेड (काचेवर पालथं ठेवायचा स्कॅनर) नको, वरून कॅमेरा लावा, शेजारी मोजपट्टी ठेवा. फाइलचं नाव पेटी-पुडकं-पान असं आकड्यांतच द्या. मग दप्तरदारांनी सांगितलेल्या वहीतली ओळ आणि प्रतिमा आपोआप जुळतात.