पॉनमधल्या डीबीएवर आणखी किती पीएचडी?

तारायंत्र: ऑप्टिकल ॲक्सेसमध्ये, म्हणजे घरापर्यंतच्या फायबर जाळ्यांवर, एमटेक-पीएचडी करणाऱ्यांना डीबीएचे (डायनॅमिक बँडविड्थ ॲलोकेशन, मागणीनुसार वेळवाटप) विषय देणं आता थांबवा, असं माझं मत. पॉनमध्ये (एकच फायबर विभागून अनेक घरांना देणारं जाळं) सगळ्या घरांचा वर जाणारा डेटा एकाच फायबरवरून जातो, म्हणून कोणी कधी पाठवायचं ते ओएलटी (कंपनीच्या टोकाचं यंत्र) ठरवतो आणि मागणीनुसार वेळ कमीजास्त करतो. झाला डीबीए. संशोधक क्रेमर-मुखर्जींचा आयपॅक्ट हा डीबीए 2002 सालचा. त्यानंतरचे बरेचसे पेपर म्हणजे त्याच वरणाला नवी फोडणी. प्रत्येक घराला स्वतंत्र तरंगलांबी द्या, भांडणच मिटेल.

गणपुले_सर: आणि पैसे? जीपॉनचा (पॉनचा एक प्रकार) एक पोर्ट 32-64 घरं सांभाळतो. भारतनेट या सरकारी ब्रॉडबँड योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत जीपॉन नेलं, कारण मधल्या स्प्लिटरला (एका फायबरमधला प्रकाश अनेक फायबरांत वाटणारा भाग) वीज लागत नाही.

तारायंत्र: सर, वीज न लागणं हा स्प्लिटरचा गुण, डीबीएचा नव्हे. तरंगलांब्या वेगळ्या करणारं एडब्ल्यूजीही विजेविना चालतं. शिवाय 1:32 स्प्लिटरमध्ये निदान 15 डीबी प्रकाश वाया जातो, एडब्ल्यूजीत बराच कमी.

मीरा_नेट: जुन्या इथरनेटसारखं 'आधी ऐका, मग पाठवा' का नाही चालत? सगळं ओएलटीला कशाला विचारायचं?

गणपुले_सर: कारण ऐकूच येत नाही! स्प्लिटर तुमचा प्रकाश वर पाठवतो, शेजारच्या ओएनटीकडे (घरातलं फायबरचं यंत्र) वळवत नाही. टक्कर झाली तर ती फक्त ओएलटीला कळणार.

स्प्लाइसवाला: फिल्डवरून बोलतो. घरागणिक वेगळी तरंगलांबी म्हणजे घरागणिक वेगळा ओएनटी. रात्री एखादा जळाला तर नेमका तोच स्पेअर कुठून आणू? हवी ती तरंगलांबी लावता येणारा ट्यूनेबल लेसर घ्या म्हणाल, तर त्याची किंमत गिऱ्हाईक देणार का?

तारायंत्र: बरोबर. मग संशोधन स्वस्त ट्यूनेबल लेसरवर करा ना.

मीरा_नेट: पण 5जीचं फ्रंटहॉल (टॉवरवरचा अँटेना आणि बेस स्टेशन यांच्यातली जोडणी) पॉनवरून न्यायचं असेल तर? 20 किमी फायबरमधून प्रकाशाला जाऊन-येऊन 200 मायक्रोसेकंद लागतात. 'मागा, मिळेल, मग पाठवा' यातच वेळ संपला. म्हणून तर सहकारी डीबीए आला. कुठला मोबाइल कधी पाठवणार हे बेस स्टेशनच्या शेड्युलरला आधीच माहीत असतं. तो ओएलटीला कळवतो आणि मागण्याची पायरीच गळते. हे 2002 मध्ये कुठे होतं?

तारायंत्र: हा विषय खरा आहे, मानलं. पण तो लॅपटॉपवर आलेख काढून सुटणारा नाही. खरा ओएलटी, खरं बेस स्टेशन आणि दोघांची घड्याळं जुळवणं, एवढं आपल्या किती कॉलेजांत आहे?

गणपुले_सर: नाही म्हणून सिम्युलेशनही करायचं नाही? आयपॅक्टसुद्धा सिम्युलेशनवरच मांडला होता की!

तारायंत्र: तेव्हा ईपॉनचं (इथरनेटवर चालणारं पॉन) मानकच व्हायचं होतं, ते आलं 2004 मध्ये. आज उपकरणं बाजारात मिळतात, सर. निदान एक ओएलटी विकत घ्या.