पावसाळी घाट जलरंगात: वॉश वाळत नाही, मीठ चालत नाही, हिरवा खोटा दिसतो

घाटवाटा_27
माळशेज आणि नाणेघाटात जागेवर बसून काम चालू आहे. कागद 300 जीएसएम (जाड) कोल्ड प्रेस (थोडा खडबडीत), 100 टक्के कॉटन, 11 × 15 इंच, प्लायवर चारी बाजूंनी टेप लावलेला. रंग: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू, सॅप ग्रीन, व्हिरिडियन ह्यू.

धुक्यासाठी पूर्ण कागद भिजवून मागचा डोंगर टाकला, तर वीस मिनिटांनीही तो ओलाच. त्यावर पुढचा डोंगर टाकला की फुलकोबी, म्हणजे दातेरी कडेचा डाग, उठते. कातळाच्या पोतासाठी खडेमीठ टाकलं तर चांदण्या पडत नाहीत, नुसते ओले डाग राहतात. आणि हिरवा रेनकोटसारखा दिसतो. डिसेंबरात याच पद्धतीने सगळं नीट होतं. चुकतंय कुठे?

ओलीकड
हवाच ओली असताना अख्खा कागद भिजवू नका, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. धुकं दिसायला डोंगराची खालची कड विरघळलेली लागते, वरची नाही. म्हणून कोरड्या कागदावर डोंगराची धार ओढा, रंग दुधाइतका दाट ठेवा, आणि लगेच दुसऱ्या, स्वच्छ ब्रशने खालची कड पाण्यात सोडा. हा दुसरा ब्रश फडक्यावर दोनदा टिपलेला हवा. त्यातून थेंब गळला तर रंग पळेल आणि तिथेच फुलकोबी येईल. बोर्ड 10 ते 15 अंश कलता ठेवा.

फुलकोबीचं कारण वेळ नाही, पाण्याचा फरक आहे. कागदावरच्या वॉशपेक्षा (पातळ रंगाच्या थरापेक्षा) ब्रशमध्ये पाणी जास्त असलं की ते पाणी जुना रंग ढकलत बाहेर जातं आणि थांबतं तिथे दातेरी कड उरते. घड्याळ बघायचं सोडा, चमक बघा. आरशासारखी चमक असेल तर दुधासारखा रंग चालतो. चमक मंद होऊन मेणचटसर दिसली की सायीसारखाच हवा. चमक गेली पण बोटाच्या पाठीला कागद गार लागतोय, ही सगळ्यात घातक वेळ; तेव्हा हात लावायचा नाही. घाटात ही गार अवस्था फार लांबते, म्हणून एकाऐवजी अर्ध्या आकाराचे तीन कागद न्या आणि आळीपाळीने काम करा. गाडी जवळ असेल तर एसी लावून बोर्ड आत ठेवा, ती हवा कोरडी असते. घरी हेअर ड्रायर वापरलात तर फूटभर लांबून, आणि चमक गेल्यावरच. आधी लावला तर पाण्याची लाट सरकून रेघ उमटते.

कॅनव्हासपिशवी
मिठासाठी साधा उपाय: तव्यावर कोरडं भाजून हवाबंद बाटलीत न्या.

खडेमीठ_खडाकागद
भाजून फायदा बाटली उघडेपर्यंतच. सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि पावसाळ्यात घाटातली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. खड्याभोवतीचं खारं पाणी वाळतच नाही, म्हणून चांदणीऐवजी डाग. शिवाय कागदात मुरलेलं मीठ पुढच्या पावसाळ्यात पुन्हा ओल धरतं. मिठाचे प्रयोग उन्हाळ्यात करा, आणि वाळल्यावर एकेक कण खरवडून काढा.

खरं तर आपल्या काळ्या कातळाला मीठ शोभतही नाही. मिठाच्या चांदण्या बर्फासारख्या दिसतात. बेसाल्टला आडवे थर आणि उभ्या भेगा असतात. अल्ट्रामरीन (ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक पीबी 29) दोन भाग, बर्न्ट सिएना (पीबीआर 7) एक भाग, सायीइतका दाट. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि रवाळपणा आपोआप येतो. ओली हवा इथे उलट मदत करते, कारण कणांना बसायला वेळ मिळतो. फक्त एकदा लावल्यावर ब्रशने घोळू नका. थर दाखवायला ओलसर असतानाच जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने आडवं खरवडा. फार ओल्यात खरवडलंत तर रंग उलट त्या चरीत भरून गडद रेघ येते. अर्थात भेगांसाठी तीच वापरता येते. धबधब्याला कागदाचा पांढराच सोडा. मास्किंग फ्लुइड (पांढरा राखायला लावतात तो रबरी द्रव, नंतर सोलून काढायचा) दमट कागदावर लावलंत तर काढताना कागदाचा पापुद्रा निघेल.

एक तपासा: वॉशमध्ये टाचणीच्या डोक्याएवढे गडद ठिपके दिसतात का? तर कागदाचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू नये म्हणून दिलेला लेप, ओलीने गेलंय. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. टीपकागदासारखा शोषला गेला तर तो कागद कोळशाच्या रेखाटनाला ठेवा. नवे कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलसह ठेवायचे, भिंतीला लागून नाही.

पोपटी_नको
हिरव्याबद्दल. तुमचा व्हिरिडियन ह्यू बहुधा थॅलो ग्रीन (पीजी 7) आहे, ट्यूबवर बघा. तो फार जोरकस, कागदाला डाग धरणारा आणि अजिबात रवाळ नाही. खरा व्हिरिडियन पीजी 18, तो सौम्य आणि रवाळ. सॅप ग्रीनसकट दोन्ही महिनाभर डब्याबाहेर ठेवा.

ढगाळ उजेडात सावल्या जवळपास नसतातच, त्यामुळे अंतर दाखवायचं काम हिरव्यालाच करावं लागतं. भातखाचरं: लेमन यलोत थॅलो ब्लूचं फक्त टोक. मधली झाडी: लेमन यलो दोन, अल्ट्रामरीन एक, बर्न्ट सिएना चिमूटभर. मागचा डोंगर: अल्ट्रामरीनमध्ये थोडी सिएना आणि भरपूर पाणी, पिवळा जवळपास नाहीच. समोर सगळं हिरवंच दिसतंय म्हणून मागचाही हिरवा केला की रेनकोट होतो. आणि रंग पॅलेटवर पूर्ण घोटू नका, निम्मा कागदावर मिसळू द्या.

घाटवाटा_27
ट्यूब बघितली, पीजी 7च आहे. सप्टेंबरात सोनकी फुलेल तेव्हा पठारावरचा पिवळा कसा घ्यायचा? हिरव्यावर लेमन यलो लावला तर दिसतच नाही.

पोपटी_नको
दिसणार नाही, पारदर्शक पिवळा हिरव्यात बुडतो. क्रम उलटा करा. आधी पूर्ण पठारावर पिवळ्याचा वॉश, तो पक्का वाळू द्या, मग हिरवा फुलांच्या मधल्या जागांत भरा. पुढची चार-सहा फुलं तेवढी गॉशच्या (अपारदर्शक जलरंगाच्या) पिवळ्याने, पाणी अगदी कमी घेऊन. तेरड्याचा गुलाबीही तसाच आधी टाका. ओल्या हिरव्याला चिकटला की मातकट होतो.