सल्ला हवा: शाहू महाराज जिथे चहा घेत, त्या रस्त्यावर वडिलांना कुठे नेऊ?

शुभदा_पुणे
येत्या रविवारी बाबांना (वय 76) घेऊन कोल्हापूरला जातेय. बाबा निवृत्त शिक्षक. गंगाराम कांबळ्यांची गोष्ट त्यांनी तीस वर्षं वर्गात सांगितली. अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या ज्यांना हौदाला हात लावला म्हणून राजवाड्यातल्या नोकरांनी मारलं, त्यांनीच पुढे शाहू महाराजांच्या पाठबळावर भाऊसिंगजी रोडला 'सत्यसुधारक' हॉटेल काढलं आणि महाराज तिथे खडखडा (घोडागाडी) थांबवून चहा मागवायचे. एवढं सांगूनही बाबांनी स्वतः त्या रस्त्यावर एकदाही चहा घेतलेला नाही. छोटी, साधी, गावातली माणसं जातात अशी जागा सुचवा. दोघांचं दिवसभराचं खाणं 600 रुपयांत बसवायचंय. बाबांना पित्त आहे, तिखट अजिबात नाही.

रंकाळ्याचा_बाळू
ताई, डोळे झाकून फडतरे मिसळ. उद्यमनगरात. सकाळी लवकर जा, उशीर झाला की संपती. मी मुंबईचे पाहुणे आणले की पहिला थांबा तिथंच.

मटणप्रेमी७७
कोल्हापुरात येऊन मिसळ खाऊन परत जायचं? थाळी घ्या. तांबडा, पांढरा, सुकं, खिमा. माणशी 450 पडतील, पण मागच्या महिन्यात आम्ही चौदा जण गेलो होतो, एकानेही वाटी उष्टी टाकली नाही.

वैशाली_सांगली
मटण घ्याच, पण 'राजेशाही चव' अशी मोठी पाटी लावलेल्या ठिकाणी जाऊ नका. आम्ही गेलो, पांढरा रस्सा गार, वर तेलाचे डोळे गोठलेले, आणि तिघांचं बिल 1900. सासूबाई अजून बोलून दाखवतात.

रंकाळ्याचा_बाळू
हॉटेलचं नाव सांगा की.

वैशाली_सांगली
नाव नको. पोटाला बसायचं ते बसलं.

अनिरुद्ध_दादर
राजघराणं आणि छोटं हॉटेल म्हटलं की मला बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया आठवतं. 1923 पासूनचं इराणी. मालक बोमन कोहिनूर ब्रिटिश राजघराण्याचे निस्सीम चाहते होते, 2016 मध्ये विल्यम आणि केट मुंबईत आले तेव्हा ताजमध्ये त्यांना भेटले. तेव्हा ते नव्वदी ओलांडलेले! मी त्यांच्या हातून बेरी पुलाव वाढून घेतलाय. परतीच्या वाटेवर मुंबई असेल तर जरूर जा.

मटणप्रेमी७७
त्या पुण्याहून येणार आहेत साहेब, वाटेत मुंबई कुठून येणार?

उत्तम_काका_कसबा_बावडा
शुभदा, 'सत्यसुधारक' आता नाही, पाटी शोधत फिरू नका. बाबांना दसरा चौकात उतरवा. तिथे महाराजांचा पुतळा आहे. बघून झालं की सीपीआर दवाखान्यावरून सावकाश भाऊसिंगजी रोडला लागा. कोपऱ्यावरच्या कुठल्याही टपरीवर बसा. महाराज चवीसाठी थांबत नव्हते. खडखड्यात बसलेल्या उच्चवर्णीय मंडळींनाही तिथलाच चहा घ्यावा लागायचा. सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने सर्वांना खुले, हा हुकूम 1919 चा. पण गंगारामांच्या हातचा कप राजा भर रस्त्यात तोंडाला लावतो, हे गावाने डोळ्यांनी पाहिलं. माझे आजोबा हे सांगताना कप दोन्ही हातांत धरून दाखवायचे.
पित्त आहे तर मिसळीच्या नादी लागू नका. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. म्हशी रस्त्यातच उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात.

निखिल_इचलकरंजी
दूध कट्टा +१. पण मिसळ तिखट लागत नाही हो, कट (वरचा तिखट रस्सा) कमी घेतला तर. आणि पाव मागू नका, कोल्हापुरात स्लाइस ब्रेडच.

रंकाळ्याचा_बाळू
काकांचं बरोबर. तरी मिसळ राहिली तर कोल्हापूर बघितलं असं म्हणता येणार नाही. खासबागेजवळची राजाभाऊंची भेळ तरी खायला घाला त्यांना. खासबाग मैदानही महाराजांनीच 1912 मध्ये पैलवानांसाठी बांधलं.

मटणप्रेमी७७
600 मध्ये कोल्हापूर होत नाही ताई. हजार तरी धरा.

शुभदा_पुणे
सर्वांचे आभार. मी जवळजवळ सगळं बाबांना वाचून दाखवलं. मिसळ, मटण, भेळ तिन्हींना नाही म्हणाले. घरून दहीभात आणि मेथीचे ठेपले नेले.

कालच परत आलो. काकांनी सांगितला तसाच रस्ता धरला. सीपीआरच्या पुढे एका टपरीवर लाकडी बाक होता, एक पाय विटेवर टेकवलेला. बाबा बसले, चहा आला, आणि त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. काका, तुमची आजोबांची आठवण मी त्यांना मुद्दाम वाचून दाखवली नव्हती. टपरीवाल्या दादांना त्यांनी अख्खी गोष्ट सांगितली. दादांना ती माहीत होती, पण त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. दोन कप झाले, मला वाटलं आता पित्त उसळणार, पण काही झालं नाही. गंगावेशीत दूध मीच प्यायले. बाबा म्हणाले, आता चहावर दूध नको.

रंकाळ्याचा_बाळू
पुढच्या वेळी मिसळ.