पुरुषांची लघवी गळणे: गुपचूप पॅड लावून भागवायचं की आधी तपासून घ्यायचं?

सांजवारा
स्पष्टच लिहितो, आडून आडून बोलत बसलं की हा विषय पुढे सरकतच नाही. लघवी गळण्याचा त्रास असलेले पुरुष आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त आहेत, फक्त बोलत कुणी नाही. गडद रंगाची पँट, शर्ट बाहेर, कुठेही गेलं की आधी टॉयलेट कुठाय ते हेरून ठेवायचं, आणि आता पुरुषांचे पॅड ऑनलाइन मिळायला लागलेत तर ते मागवायचे, कपाटात सगळ्यात खाली ठेवायचे, झालं, मिटला प्रश्न. माझं म्हणणं, मिटला नाही, झाकला.

गळणं हा एकच आजार नाही. खोकलं, वजन उचललं, खुर्चीतून उठलं की सटकते ते वेगळं, तिथे लघवी रोखून धरणारा स्नायू कमजोर झालेला असतो, प्रोस्टेटच्या (पुरुषांत पिशवीच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असलेली ग्रंथी) कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांत हे जास्त दिसतं. जोरात लागली आणि दारापर्यंत पोचेपर्यंत झाली ते वेगळं, तिथे लघवीची पिशवी भरायच्या आधीच आवळायला लागते. आणि तिसरा प्रकार मला सगळ्यात घातक वाटतो. पिशवी कधी पूर्ण रिकामीच होत नाही, वाढलेल्या प्रोस्टेटने वाट अडवलेली असते किंवा डायबेटिसने नसा मंदावलेल्या असतात, आणि मग तुडुंब भरलेल्या पिशवीतून वरचं वर थेंब थेंब सांडत राहतं. माणसाला वाटतं आपली तर सारखी होतेय, म्हणजे अडकायचा प्रश्नच नाही! आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी असेच पॅडवर दिवस काढले. पुढे पायावर सूज आली म्हणून तपासायला गेले तर लघवी करून आल्यावरच्या सोनोग्राफीत पिशवीत अर्ध्या लिटरच्या वर लघवी शिल्लक, मागे दाब जाऊन दोन्ही किडन्या फुगलेल्या, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ती रक्ताची तपासणी) वाढलेलं. म्हणून म्हणतो, कुठला प्रकार ते कळल्याशिवाय पॅडला हात लावू नये. बोला.

रिकामटेकडा५८
साफ असहमत. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय माझं, त्यामुळे ऐकीव बोलत नाहीये. कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) काढला त्या दिवशी उभा राहिलो आणि पायावरून ओघळ, काही म्हणजे काही हातात नव्हतं. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं की बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात बरंच सुधारतं, पण ते वर्षभर मी काय करायचं होतं, घरात बसून राहायचं? पॅड होता म्हणून फिरायला जात होतो, कामावर गेलो, चार माणसांत बसलो. तुम्ही पॅडला लपवाछपवी म्हणताय, माझ्यासाठी तो चष्म्यासारखा होता, लावला आणि कामाला लागलो.

आणि माहिती म्हणून सांगतो, पुरुषांचा पॅड पुढच्या बाजूला खोलगट असतो, आतल्या घट्ट चड्डीला चिकटवायचा, सैल बॉक्सरमध्ये तो सरकतो आणि मग बाजूने गळतं. बायकांचे सॅनिटरी पॅड वापरू नका, ते लघवीसाठी बनवलेलेच नसतात. ओला झाला की बदला, नाहीतर जांघेत अशी साल निघते की गळणं परवडलं.

सांजवारा
अहो पण तुमचं कारण माहीत होतं की! ऑपरेशन झालंय, डॉक्टर बघतायत, सुधारणार हे ठाऊक आहे, तिथे पॅड शंभर टक्के बरोबर. मी बोलतोय ते ज्यांनी आयुष्यात एकदाही कुणाला दाखवलं नाही त्यांच्याबद्दल.

जुनं_खोड
एवढा बाऊ कशाला करताय. वय झालं की हे व्हायचंच, केस पिकतात तसं. मी संध्याकाळनंतर पाणीच बंद केलंय, बाहेर जायचं असेल तर सकाळपासून घोटभरच. प्रोस्टेटची गोळी मित्र घेतो ती मी पण सुरू केली, बरं चाललंय. युरोलॉजिस्टकडे गेलं की ऑपरेशनच सांगणार, त्यांचा धंदाच तो.

तळस्नायू (फिजिओथेरपिस्ट आहे)
काका, राग मानू नका पण तीनही गोष्टींवर हरकत आहे. वयानुसार प्रमाण वाढतं हे खरं, पण म्हणून ते व्हायचंच असं नाही आणि उपाय नाही असं तर अजिबात नाही. पाणी दिवसभर तोडलं की लघवी घट्ट होते, पिशवीला चुरचुरते, उलट जास्त वेळा लागते, शिवाय बद्धकोष्ठ होतं, आणि भरलेलं आतडं पिशवीवर दाबतं ते वेगळंच. झोपायच्या आधीचे दोनतीन तास कमी प्या, चहा कॉफी दारू आवरा, पण दिवसाचं पाणी तोडू नका. (कुणाला हार्टसाठी वगैरे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर त्यांनी डॉक्टरांचंच ऐकायचं.) आणि मित्राची गोळी... टॅमसुलोसिन असेल तर ती वाट सैल करते पण बीपी पण खाली आणते, रात्री झटकन उठलात की चक्कर येऊन पडाल. ज्याची पिशवी आधीच नीट रिकामी होत नाही त्याने पिशवी शांत करणारी गोळी परस्पर घेतली तर लघवी पूर्ण तुंबू शकते. सर्दीच्या काही गोळ्यांनीसुद्धा प्रोस्टेटवाल्यांची तुंबते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आधी करायचं काम एकदम फुकट आहे, तीन दिवसांची नोंद ठेवा. किती वाजता गेलो, मापाच्या भांड्यात किती मिली झाली, काय प्यायलो, कधी गळली, तेव्हा काय करत होतो. साधारण पिशवीत ४०० ते ५०० मिली मावतं. दर वेळी ८०-१०० मिलीच होतेय आणि रात्रंदिवस पळापळ चाललीय, की दिवसा ठीक आणि रात्रीच भरपूर होतेय, यातूनच डॉक्टरला अर्धी दिशा मिळते. रात्रीच जास्त होत असेल तर पायावरची सूज, झोपेत श्वास अडकणारं घोरणं, संध्याकाळी घेतलेली बीपीची लघवीवाली गोळी असं काहीही निघतं, प्रोस्टेटचा संबंधही नसतो कधीकधी.

जुनं_खोड
गोळीचं विचारतो डॉक्टरला. भांडं घेऊन मोजत बसणं मात्र या वयात व्हायचं नाही, सांगून ठेवतो.

उंडगा_पोरगा
माझं वय पस्तीस, मला वरच्या तिन्हीतलं काहीच लागू नाही. मस्त धार, काही तुंबत नाही, पण चेन लावून दोन पावलं चाललं की तीनचार थेंब चड्डीत. फिक्या रंगाची पँट घालायचं सोडलंय. नेटवर सगळे केगेल केगेल (लघवी रोखणारे स्नायू आवळायचा व्यायाम) करतात म्हणून केलं, लघवी मधेच थांबवायची प्रॅक्टिस, रोज, प्रत्येक वेळी. फरक शून्य. त्यामुळे हे व्यायामबियाम मला थोतांड वाटतंय सरळ.

तळस्नायू
थोतांड नाही भाऊ, शिकवलंच चुकीचं गेलंय. लघवी मधे थांबवून स्नायू कुठला ते एखाद वेळी ओळखायला ठीक, रोजचा व्यायाम तसा करायचा नसतो, पिशवी नीट रिकामी व्हायची सवय बिघडते. गॅस रोखताना आवळतो तसं आवळायचं आणि त्याच वेळी लिंग किंचित आत वर ओढल्यासारखं करायचं, आरशासमोर उभं राहून बघा, लिंगाचं बूड थोडं आत सरकताना आणि वृषण वर उचललेले दिसतील. पोट, ढुंगण, मांड्या घट्ट होत असतील तर चुकतंय, श्वास धरला तरी चुकतंय. पाच सेकंद धरा, तेवढंच पूर्ण सैल सोडा, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि फरक दिसायला दोनतीन महिने लागतात. आठवड्यात सोडून देणारेच जास्त भेटतात.

तुझा प्रकार मात्र वेगळा आहे, लघवी झाल्यावर नळीच्या मधल्या खोलगट भागात थोडी उरते ती चालताना उतरते. निरुपद्रवी आहे. झाल्यावर जोरात आवळ, मग वृषणांच्या मागे बोटं टेकवून हलकेच पुढे वर दाबत आण, उरलेली बाहेर येते. झटकून ती येत नाही, कितीही झटका.

उंडगा_पोरगा
हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पण व्यायाम सगळ्यांना चालतो या दाव्याला माझा अजून विरोध आहे. एका मित्राला ओटीपोटात, वृषणांच्या मागे सतत दुखायचं, त्याने केगेलचा धडाका लावला आणि दुखणं दुप्पट.

तळस्नायू
मान्य. स्नायू आधीच आखडलेले असतील तर अजून आवळून दुखणारच, तिथे सैल सोडायला शिकवावं लागतं. सगळ्यांना चालतो असं मी म्हटलेलंही नाही. तुंबून सांडणाऱ्याला तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

लेकीचा_हात
बाबांना डिमेन्शिया आहे. इथलं वाचून थोडी चिडचिड झाली खरं सांगायचं तर. नोंद ठेवा, आवळा, पाच सेकंद धरा... ज्यांना टॉयलेट कुठल्या दाराआड आहे हे आठवत नाही त्यांचं काय? त्यांची पिशवी कदाचित चांगली असेल, वेळेत पोचत नाहीत एवढंच. आम्ही पँटची बटणं काढून इलॅस्टिक लावलं, टॉयलेटचं दार रात्रभर उघडं आणि आत मंद दिवा, दर दोन तासांनी न विचारता हात धरून न्यायचं, विचारलं की नाहीच म्हणतात. यानेच निम्मं ओलं होणं थांबलं. रात्री मात्र डायपर, आणि त्याबद्दल मला कुणाचं लेक्चर नको.

एक मात्र धाग्याच्या बाजूने. मध्ये कुणीतरी पिशवी शांत करणारी गोळी लिहून दिली होती, ऑक्सिब्युटिनिन. तोंड कोरडं, पोट साफ नाही, आणि गोंधळ एवढा वाढला की मला ओळखेनात. वयस्कर माणसात त्या जातीच्या गोळ्यांनी डोक्यावर परिणाम होतो हे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि गोळी बंद केली. तेव्हा तपासणी म्हणजे हातात एक चिठ्ठी, असं असेल तर माझा तुमच्यापेक्षा पॅडवाल्यांना पाठिंबा.

सांजवारा
ताई, लेक्चर नाहीच. "पॅडला हात लावू नये" हे मी फार ताणून लिहिलं असेल, बाबांसाठी डायपर योग्यच. पण गोळीचं उदाहरण माझ्याच मुद्द्याला धरून आहे, प्रकार न बघता उपाय झाला. आणि काही गोष्टींत तर थांबूच नये कुणी: लघवीत रक्त, थंडीताप आणि जळजळ, लघवी अचानक पूर्ण बंद, किंवा पाय लुळे पडून बसायच्या जागी बधीर वाटायला लागलं तर मणक्याचं असू शकतं, त्याच दिवशी हॉस्पिटल.

रिकामटेकडा५८
हे चांगलं लिहिलंत. फक्त ऑपरेशनवर कुणी बोललं नाही म्हणून सांगतो, वर्ष उलटूनही माझी थांबली नाही, तेव्हा दोन पर्याय दिले. स्लिंग, म्हणजे नळीखाली पट्टी घालून आधार द्यायचा, ते कमी गळणाऱ्यांना. आणि कृत्रिम स्फिंक्टर, नळीभोवती पाण्याने फुगलेली कडी आणि वृषणाच्या पिशवीत छोटा पंप, पंप दाबला की कडी सैल, लघवी झाली की थोड्या वेळात ती आपोआप परत आवळते. जास्त गळणाऱ्यांसाठी तेच चांगलं म्हणाले. पण ते यंत्र आहे, काही वर्षांनी बिघडू शकतं, इन्फेक्शन झालं तर काढावं लागतं. मी दोन्हीला नाही म्हटलं.

सांजवारा
का पण? हाताशी उपाय असताना?

रिकामटेकडा५८
कारण आता दिवसाला एक पॅड पुरतो, तोही बऱ्याचदा अर्धा कोरडाच निघतो, आणि मला परत टेबलावर जायचं नाहीये. तपासून, समजून, विचार करून पॅड निवडलाय. आता त्यालाही झाकणं म्हणणार असाल तर म्हणा.

जुनं_खोड
ती लघवी झाल्यावरची सोनोग्राफी म्हणताय, त्यात नळीबिळी घालतात का हो?

तळस्नायू
नाही काका, पोटावरूनच करतात. भरल्या पिशवीने जायचं, लघवी करून यायचं, परत बघतात. काही मिनिटांचं काम.