स्किनच्या डॉक्टरने मनाचं विचारायला नको का?

मांडवीची सून: बडोद्यात नवरात्र म्हणजे गरबा, वेगळं सांगायला नको. माझ्या नणंदेला सोरायसिस आहे, कोपरं आणि पाठ, गेल्या वर्षी नऊही रात्री घरात बसली, का तर चनियाचोळीत पाठ उघडी पडते. परीक्षा आली की खपल्या वाढतात हे आम्हाला घरच्यांना दिसतं, पण चार वर्षांत मलमं बदलली, गोळ्या बदलल्या, झोप लागते का गं, बाहेर जातेस का, एवढं डॉक्टरांनी एकदाही विचारलं नाही. हे त्यांचंच काम ना?

दांडियाबाजारवाला: ताई, सरकारी ओपीडीत एकदा बसून बघा. गजकर्ण, खरूज, मेडिकलवाल्याने दिलेलं स्टेरॉइडचं मलम फासून तोंड लाल करून आलेले, त्यात मनाचं कधी काढणार? आणि मानसोपचारवाल्याकडे जा म्हटलं की आपलेच लोक भडकतात, मी काय वेडा आहे का म्हणून.

मांडवीची सून: अहो पण त्यासाठी डीएलक्यूआय नावाचा फॉर्म आहे, स्किनच्या आजाराने रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो ते मोजणारा, फिनले आणि खान यांनी १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये कार्डिफला केलेला. प्रश्न फक्त १०, मागच्या आठवड्यात लाज वाटली का, कपडे निवडताना फरक पडला का असे, ३० पैकी १० च्या वर गेलं म्हणजे त्रास भारी. नंबर येईपर्यंत बाकड्यावर भरून होतो.

दांडियाबाजारवाला: बघितलाय तो. झोपेचं, उदास वाटण्याचं त्यात सरळ काहीच नाही. आणि एक प्रश्न शरीरसंबंधाचा आहे, शेजारी सासूबाई बसलेल्या, कोण खरं लिहिणार?

डागवाला: मला कोड आहे, लहानपणापासून. आई माझा टॉवेल वेगळा ठेवायची, बोलायची काही नाही, पण ठेवायची. एका डॉक्टरांनी तिच्यासमोर माझा हात हातात घेतला, ग्लोव्ह्ज न घालता, आणि म्हणाले हा लागट रोग नाही हो, शरीरच आपल्या रंगाच्या पेशी मारतं. अर्धा मिनिट लागला असेल, घरी आल्यावर टॉवेल एका दांडीवर आले. फॉर्मबिर्म काही नव्हता.

दांडियाबाजारवाला: हे पटलं. याला वेळ नाही असं मलाही म्हणता येणार नाही.

मांडवीची सून: टॉवेलचं वाचून कसंतरी झालं. मंगळवारी आमचा नंबर आहे, दर वेळी मी नाहीतर सासूबाई तिच्याबरोबर आत असतो आणि आम्हीच बोलतो, आत्ता लक्षात येतंय. यावेळी तिला एकटीला आत पाठवते.

दांडियाबाजारवाला: पाठवा, आणि काय बोलायचंय ते कागदावर लिहून द्या, तिथे गेलं की सगळं विसरायला होतं.

डागवाला: देऊ नका, तिचं तिला लिहू द्या.