‘हॉट’ म्हणजे नक्की काय काय? शेवभाजीने घोटाळा केला

अजिंठा_गाडी_जळगाव
नमस्कार मंडळी. मी जळगाव स्टेशनवरून अजिंठ्याला पर्यटकांची गाडी नेतो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून, दहावीला काठावर सुटलो. धंद्यापुरतं जमतं. ‘मंडे केव्हज क्लोज्ड’, ‘फर्दापूर स्टॉप, देन एसटी बस’ इतकं झालं की बाकी हातवारे.

गेल्या आठवड्यात इंग्लंडचं एक वयस्कर जोडपं होतं. मे महिना, त्यात माझा एसी जेमतेम. मागे बाई नकाशाच्या कागदाने वारा घेत होत्या. मी आरशात बघून विचारलं, ‘मॅडम, यू आर व्हेरी हॉट?’ साहेब खो-खो हसायला लागले, बाई लाजल्या, आणि मला कळेना की एसी वाढवू की गाडी थांबवून पाया पडू. मला विचारायचं होतं, तुम्हाला फार गरम होतंय का.

इथवर ठीक होतं. येताना पहूरच्या पुढे ढाब्यावर थांबलो, त्यांनी शेवभाजी मागवली. काळ्या मसाल्याची, वर बोटभर तर्री. मी काळजीपोटी सांगितलं, ‘केअरफुल, व्हेरी हॉट!’ बाईंनी मान डोलावली. वाटी बाजूला सरकवली, पाच मिनिटं गार होऊ दिली, वर दोनदा फुंकर मारली आणि मग चमचा गच्च भरून तोंडात घातला.

ताकाचे तीन ग्लास गेले. साहेब मला म्हणतात, ‘यू सेड हॉट!’ मी म्हटलं, ‘येस सर, आय सेड हॉट!’ दोघांचंही खरं, आणि बाईंच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

आपल्याकडे गरम वेगळं, तिखट वेगळं. यांनी एकाच शब्दावर कसं भागवलं? आणि माणसाला गरम होत असेल तर सभ्यपणे विचारायचं कसं?

चोपड्याच्या_बाई (निवृत्त)
दादा, शब्द बरोबर होता, मराठी आडवं आलं. ‘मला गरम होतंय’ यात आपण नुसते सोसणारे. गरम कोण होतंय त्याचा पत्ताच नाही. इंग्रजीत सोसणाऱ्यालाच कर्ता करून बसवतात: ‘आय एम हॉट.’ घरात, ओळखीत हे सर्रास बोलतात. पण माणसाला ‘हॉट’ म्हटलं की अर्थ रूपाकडेही जातो. त्यात तुम्ही ‘व्हेरी’ लावलंत आणि आरशातून बघत होतात!

‘आर यू फीलिंग हॉट?’ म्हणा. त्याहून बरं म्हणजे दोष हवेवर ढकला: ‘इज इट टू हॉट फॉर यू?’ हा ‘इट’ म्हणजे हवा, त्याला राग येत नाही.

आता ‘टू’चं सांगते, कारण तीस वर्षं याच्यावर लाल शाई घातली. मुलं ‘टू हॉट’ म्हणजे ‘खूप गरम’ समजून लिहितात. ‘टू’मध्ये तक्रार असते, सोसवत नाही असा भाव. चहा व्हेरी हॉट हवा, टू हॉट नको. आणि ‘मोअर हॉट’ कोणी लिहू नका. जळगाव इज हॉटर दॅन नाशिक. स्पेलिंगमध्ये टी दोनदा.

मिरचीवाला_नंदुरबार
भाऊ, तू बी काय करी ऱ्हायना! पाहुण्यांना तर्री देण्याआधी आम्हाला तरी विचारायचं. आमच्या पथारीवर लाल मिरची वाळत असते तेव्हा वाऱ्याची एक झुळूक आली की रस्त्यावरचा माणूस ठसकतो. हात लावला तर मिरची गार. हा झाला तुझा दुसरा हॉट. सरळ ‘स्पायसी, लॉट ऑफ चिली’ म्हण आणि खिशात एक सुकी मिरची ठेव, दाखवायला.

औषधवाला_धुळे
इंग्रजांचं फार चुकलेलं नाही, जिभेलाच फरक कळत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं (म्हणजे नसांच्या टोकांवरचा, जाणीव टिपणारा रेणू; टीआरपीव्ही १ नावाचा), तोच रिसेप्टर साधारण ४३ अंशांवरची उष्णता ओळखतो. मेंदूला निरोप एकच जातो: भाजलं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या वैद्यकातल्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. ४३ अंश म्हणजे आपली मेमधली साधी दुपार, त्यामुळे आपण वर्षभर रिसेप्टरला कामाला लावलेलं आहे.

ताक दिलंत ते उत्तम. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, नुसतं पाणी प्यायलं की जळजळ तोंडभर फिरते.

अमळनेरची_सध्या_लीड्स
इथल्या करीच्या हॉटेलांत मेन्यूवर माइल्ड, मीडियम, हॉट असंच लिहितात, म्हणजे तिथे हॉट म्हणजे तिखटच. ‘स्पायसी’ने तुमचं काम भागेल, पण तोही शब्द पक्का नाही. दालचिनीच्या केकलासुद्धा कोणी स्पायसी म्हणतं. म्हणून ‘चिली’ हा शब्द सोडू नका.

माझी फजिती तिसरीच. ऑफिसात डब्यात पपई होती. आई फोनवर कायम म्हणते, ‘पपई उष्ण, जपून खा.’ मी शेजारच्याला तेच सांगितलं: ‘पपाया इज हॉट.’ त्याने फोडीला बोट लावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आपल्या ‘उष्ण’ला तिकडे शब्दच नाही. ‘इट हीट्स अप द बॉडी, वी बिलीव्ह’ असं लांबण लावावं लागतं. आणि ‘साहेब गरम झाले’ला कृपया ‘अँग्री’च म्हणा, वर बाईंनी सांगितलेलं कारण आहेच.

अजिंठा_गाडी_जळगाव
सगळ्यांचे आभार. बाईंचं वाक्य डॅशबोर्डवर चिकटवलं. आज ऑस्ट्रेलियाचे दोघं होते. विचारलं, ‘इज इट टू हॉट फॉर यू?’ ‘नो नो, इट्स फाइन,’ म्हणाले. माझाच शर्ट पाठीला चिकटला होता, तरी एसी वाढवला.

ढाब्यावर शेवभाजीकडे बोट दाखवून ‘स्पायसी, लॉट ऑफ चिली’ म्हणालो, खिशातली मिरचीही काढली. त्यांनी हात जोडले आणि वरण-भात मागवला. भात चुलीवरून उतरवून थेट आला, ऊन ऊन, वाफा निघत होत्या. बोट भाजेल म्हणून मी घाईत बोललो, ‘केअरफुल, हॉट!’

दोघंही चमच्याने भात उकरून मिरची शोधत बसले.