मदत हवी आहे: ७४७ वेळेत खालीच येत नाही!

नमस्कार मंडळी,

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर छोटं सेसना विमान जमायला लागलं म्हणून हौसेने बोइंग ७४७-४०० घेतलंय. रोज रात्री दिल्ली–मुंबई. टेकऑफ झकास होतो, घोडं अडतं ते उतरताना.

३५,००० फुटांवरून हजार फुटांना ३ सागरी मैल या हिशेबाने १०५ मैल आधी खाली यायला लागतो. थ्रॉटल (इंजिनाची ताकद) पूर्ण मागे. तरी हे धूड घसरतच राहतं, वेग मोडत नाही. १०,००० फुटांखाली २५० नॉट करायचे म्हणून नाक उचललं की उतरणंच थांबतं. रनवे २७ समोर येतो तेव्हा ग्लाइडस्लोपचा (उतरायच्या ठरलेल्या उताराची रेडिओ-रेषा) हिरा, म्हणजे पडद्यावरची खूण, पार तळाला, म्हणजे मी अजून वरच! ऑटोपायलट तो पकडत नाही. काल तीनदा गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेलो. शेवटी स्वयंपाकघरातून आवाज आला, "मुंबई आली असेल तर जेवायला या."

वेग कमी करायला १०५ च्या वर आणखी किती मैल धरायचे? मागून वारा असला तर? स्पीडब्रेक (पंखांवरच्या, वेग मोडणाऱ्या पट्ट्या) कधी उघडता? आणि वेग जास्त म्हणून फ्लॅप्स (पंखांच्या कडेच्या, कमी वेगात उचल देणाऱ्या पट्ट्या) उघडता येत नसतील, तेव्हा चाकं आधी सोडली तर चालतं का? जॉयस्टिक साधीच आहे, स्पीडब्रेक कीबोर्डवरून चालवतो.